रोजची पाच वाक्यं

“सर, ये दीदी अब ठीक है ना?” टीनानं विचारलं.

रविवारची सकाळ होती. भिलाई-३ मधल्या माझ्या घराच्या पुढच्या खोलीत चौदा मुलंमुली सतरंजीवर मांडी घालून पेपर सोडवत होती आणि मी फळ्याला टेकून त्यांच्या चुकांची वाट बघत होतो. खोटं कशाला सांगू, मला चुकांची वाट बघायला आवडायचं. कोण दीदी, असं मी तिला विचारलं. टीनानं हातातला कागद वर केला. त्यावर वीस इंग्रजी वाक्यं होती, माझ्याच हातानं लिहिलेली आणि मीच चौकातून झेरॉक्स करून आणलेली. प्रत्येक वाक्यात क्रियापदाची जागा रिकामी होती. पुढे दोन क्रियापदं दिली होती, एक बरोबर आणि एक त्याच्यासारखंच दिसणारं, पण चूक.

“ये सब एक ही लडकी का है ना, सर? पहले वो फर्श पे पडी रही, फिर उसका हाथ नहीं उठ रहा...”

“तू व्हर्ब देख, टीना,” मी म्हणालो. “कहानी मत देख. एक्झाम में कहानी का नंबर नहीं मिलता.”

पोरं हसली. टीना हसली नाही. ती नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाला होती आणि रेल्वेच्या परीक्षेसाठी माझ्याकडे यायची. तिनं वीसच्या वीस जागा बरोबर भरल्या होत्या. मी तिच्या कागदावर मोठ्ठी बरोबरची खूण केली आणि पुढच्या पोराकडे वळलो.

मी कोण, ते सांगतो. मी शेषराव. मूळ तुमसरकडचा, रेल्वेच्या यार्डातल्या ऑफिसात छत्तीस वर्षं कारकुनी केली आणि हेडक्लार्क होऊन निवृत्त झालो. नोकरीला लागलो तेव्हा माझं इंग्रजी मराठी शाळेतलं, म्हणजे बेताचंच. पहिल्याच महिन्यात, डबे रुळांवर पडून होते असं कळवायच्या एका पत्रात मी ‘ले’च्या जागी ‘लेड’, म्हणजे ‘घातलं’, लिहिलं. साहेबांनी ते पत्र सगळ्या ऑफिसाला मोठ्यानं वाचून दाखवलं आणि म्हणाले, हे बघा, आमच्या नव्या बाबूंचे डबे रुळांवर अंडी घालतात. ऑफिस अर्धा तास हसत होतं. चाळीस वर्षं होतील त्याला, पण ते हसू अजून माझ्या कानात आहे.

त्या दिवसापासून मी क्रियापदांच्या मागे लागलो. राइज आणि रेझ, लाय आणि ले, लेट आणि लीव्ह, ब्रिंग आणि टेक. लोक रामरक्षा पाठ करतात तशा मी या जोड्या पाठ केल्या. पुढे साहेब आले आणि बदलून गेले, पण वर जाणारं प्रत्येक पत्र माझ्या टेबलावरून गेलं आणि पुन्हा कुणाला हसायची सोय राहिली नाही. हळूहळू मी दुसऱ्यांना हसायला लागलो. दुकानांच्या पाट्या, लग्नाच्या पत्रिका, शोकसभेचे फलक, कशावरूनही माझी नजर सरळ जायची नाही. शेजारचा बाबुलाल व्हॅन चालवतो. तो म्हणायचा, काकासमोर गुड मॉर्निंगसुद्धा विचार करून म्हणावं लागतं. मला ती स्तुती वाटायची.

उन्नती आमची एकुलती एक. ती सहावीत गेली तेव्हा मी घरात एक नियम घातला. रोज संध्याकाळी जेवणाआधी इंग्रजीत पाच वाक्यं लिहायची. पुस्तकातली चालणार नाहीत, मनानं रचलेलीही चालणार नाहीत. त्या दिवशी जे खरंच घडलं तेच लिहायचं, कारण खरं लिहिताना माणूस घोकलेलं वाक्य वापरू शकत नाही. मग मी ती तपासायचो आणि पाचपैकी गुण द्यायचो. पोरगी कधी रडली, कधी रुसली, पण वाक्यं चुकली नाहीत. बारावी झाली, बीएससी झालं, वाक्यं चालूच.

दोन वर्षांपूर्वी तिचं लग्न झालं. दुर्गातलंच स्थळ, आपल्याकडचीच माणसं. जावई सुजय रसमड्याच्या एका कारखान्यात सुपरवायझर. इथून दुर्ग म्हणजे पाऊण तासाचा रस्ता. पण आमच्यात मुलीला लेकरू होईपर्यंत तिच्या घरचं पाणी पीत नाहीत, त्यामुळे जाणं फारसं व्हायचं नाही. गेलो तरी उंबऱ्यावरून हालहवाल विचारून परत. माझी बायको सिंधु फोन करायची. फोन दोन मिनिटांत संपायचा आणि ती म्हणायची, पोरीचा आवाज बारीक येते. मी म्हणायचो, नेटवर्क.

माझ्याशी मात्र उन्नतीचा रोजचा संबंध होता. वाक्यं लग्नानंतरही थांबली नव्हती, फक्त वहीतून मोबाईलवर आली होती. संध्याकाळी सातला मेसेज यायचा, साडेसातला मी दुरुस्त करून गुण पाठवायचो. सुजयला त्याची फार गंमत वाटायची. लग्नातच त्यानं मित्रांना सांगितलं होतं, माझ्या बायकोला सासरीसुद्धा होमवर्क आहे. मी खूश होतो. मुलगी दिल्यावर तिचा रोज आवाज ऐकणारे बाप किती असतील, असं मी चारचौघांत सांगायचो. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हा. दिवा मीच हातात धरून उभा होतो.

त्या आठवड्यात वर्गासाठी पेपर काढायचा होता, तर मी म्हटलं, पुस्तकं कशाला हवीत. उन्नतीचे मागच्या चार-पाच महिन्यांचे मेसेज काढले, त्यातली वीस वाक्यं निवडली, सुंदर अक्षरात उतरवली. एकेक अक्षर मी माझ्या हातानं लिहिलं. तरीही मी ती वाचली नव्हती. हे कसं झालं, ते आता मलाच समजत नाही, तर तुम्हाला काय समजावू.

वर्ग सुटला. सगळे गेले, टीना दारात चप्पल घालता घालता थांबली. तिनं विचारलं, शेवटचं वाक्य डाव्या हाताचं आहे, त्याच्यानंतर त्या दीदीनं काही लिहिलं नाही का? मी म्हटलं, नाही, बुधवारपासून आळस चाललाय तिचा. टीना माझ्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, “सर, आप एक बार फोन कर लीजिए ना.” आणि सायकल घेऊन गेली.

मला रागच आला. काल आलेली पोरगी मला शिकवते. मी तसाच कागद घेऊन आत गेलो. सिंधु खाली बसून लाखोळीची भाजी निवडत होती. मी तिच्यापाशी टीनाची तक्रार केली, म्हटलं, आजकालच्या पोरांचं लक्ष भलतीकडेच. व्याकरण सोडून यांना दुसऱ्यांच्या घरात डोकवायचं असतं.

सिंधुनं हात थांबवला. “कोणाच्या घरात?”

मी म्हटलं, कोणाच्या नाही, आपल्या उन्नतीची वाक्यं आहेत.

“मंग मले सांगा मराठीत,” ती म्हणाली. “दोन वर्सं झाले. पोरगी रोज लिवते अन् मले त्यातलं एक अक्षर मालूम नाही. विचारलं का तुमी म्हणता, ग्रामरचं आहे, तुले नाही समजणार.”

मी असंच म्हणायचो, हे खरं आहे. मी पाट ओढून बसलो, चष्मा पुसला आणि टीना किती मूर्ख आहे ते दाखवायला वाचू लागलो. पहिलं वाक्य, मी पहाटे साडेचारला उठते. इतक्या थंडीत कावून, असं सिंधुनं विचारलं. मी म्हटलं, तो मुद्दा नाही. दुसरं, डाळ पातळ झाली म्हणून सासूबाईंनी आवाज चढवला. तिसरं, दिवाळीला त्यानं मला भिलाईला येऊ दिलं नाही.

“दिवाळीले तं तिच्या घरी पाहुणे होते म्हणे,” सिंधु म्हणाली.

हे तिसरं वाक्य मला चांगलं आठवत होतं. तिनं ‘लेट’च्या जागी ‘लीव्ह’ लिहिलं होतं आणि मी एक गुण कापला होता. मी चौथं वाक्य घेतलं आणि मराठीत म्हणालो, “त्यानं माझ्यावर हात उचलला.”

ते शब्द माझ्याच तोंडून बाहेर पडले आणि मी कागदावरची ओळ पुन्हा बघितली.

इंग्रजीत ते वाक्य तसं चालत नाही. ही रेझ्ड हिज हँड ऑन मी, असं तिनं लिहिलं होतं. क्रियापद बरोबर होतं. पण ‘ऑन मी’ हे मराठीतून उचललेलं आहे म्हणून मी ते दोन शब्द खोडून टाकले होते आणि खाली शेरा मारला होता, मराठीत विचार करू नकोस. वर्गाच्या पेपरातही मी तेवढे शब्द गाळले होते. पोरांसमोर ठेवलेलं वाक्य शुद्ध होतं, त्यानं हात वर केला, एवढंच. आता मराठीत सांगताना गाळलेले शब्द माझ्या जिभेवर आपोआप आले.

“पुढे वाचा,” सिंधु म्हणाली.

“सिंधु...”

“वाचा म्हणलं न मी.”

मी वाचलं. मी सकाळपर्यंत स्वयंपाकघराच्या फरशीवर पडून होते. त्यांनी माझा फोन नेला आणि संध्याकाळी आणून दिला. त्यानं मला गच्चीवर बसवलं आणि पाच वाजता आत येऊ दिलं. मी वाचत होतो आणि प्रत्येक वाक्याबरोबर त्या दिवसाला दिलेले गुण मला आठवत होते. फरशीवर पडून होते, याला चार, कारण तिनं ‘लेड’ लिहिलं होतं, तीच माझी चाळीस वर्षांपूर्वीची चूक, आणि मी तिला खाली साहेबांच्या त्या विनोदाची आठवण करून दिली होती. गच्चीवर बसवलं, याला पाचपैकी पाच. व्हेरी गुड, असंही लिहिलं होतं. शेवटचं वाक्य राहिलं. आज माझा डावा हात वर उचलला जात नाही.

“हे कधीचं?”

“बुधवारचं.”

“आज कोणता वार आहे?”

“रविवार.”

मी कागद उलटा करून मागच्या बाजूला काही आहे का ते बघितलं. मागं कोरं होतं. बुधवारी तिनं एवढं एकच वाक्य पाठवलं होतं आणि मी उत्तर दिलं होतं, बाकीची चार कुठे आहेत? गुरुवारी काहीच आलं नाही तेव्हा मी शून्य पाठवलं. शुक्रवारी पुन्हा शून्य. त्याच दिवशी सिंधुनं फोन केला तर सुजयनं उचलला आणि सांगितलं, तिला ताप आहे, झोपली आहे.

सिंधुनं भाजी तशीच बाजूला सारली, उठून गॅस बंद केला आणि पदराला हात पुसले. ती मला काही बोलली असती तर बरं झालं असतं. ती एवढंच म्हणाली, बाबुलालले आवाज द्या.

बाबुलालनं काही विचारलं नाही. व्हॅन काढली आणि आम्ही निघालो. पॉवर हाऊसचा चौक मागे पडला, मग सुपेला वस्ती आली. रविवारचा बाजार होता, लोक कोबी-वाटाणे घेत होते. मी मागच्या सीटवर बसून मोबाईलमधले जुने मेसेज वर सरकवत होतो. लग्नानंतरचं पहिलं दीड वर्ष वेगळंच होतं. मी गुलाबाचं रोप लावलं. आम्ही सिनेमाला गेलो. माझा डोसा तव्याला चिकटला आणि सगळे हसले. मग यंदाच्या पोळ्याच्या सुमारास एक वाक्य होतं, आज त्यानं ताट फेकलं. तिथून पुढे रोज काही ना काही होतंच. एकही दिवस लपवलेला नव्हता. खरं घडलेलंच लिहायचं, हा माझा नियम तिनं शेवटपर्यंत पाळला होता. तिच्या प्रत्येक मेसेजखाली माझा मेसेज होता, नीटनेटका, आकड्यांसह. मला माझ्या त्या आकड्यांची किळस आली. नेहरूनगरच्या पुढे मी मोबाईल खिशात ठेवला, मग लगेच परत काढला, कारण एकच विचार डोक्यात होता, बुधवारनंतर काय झालं असेल. बाबुलालला मी दोनदा म्हणालो, जरा जोरात घे.

दुर्गला विहीणबाईंनी दार उघडलं. न कळवता कसे आले, असं हसून विचारलं. सुजय पुढच्या खोलीत टीव्ही बघत होता. तो उठला आणि वाकून माझ्या पाया पडला. दरवेळी पडायचा तसाच, अगदी हात टेकवून. मी मागं सरकायला हवं होतं, पण सवयीनं माझा हात आशीर्वादाला वर गेला. याची मला आजही लाज वाटते.

सिंधु थांबलीच नाही. चपला न काढता ती सरळ आत गेली. तिनं आयुष्यात कुणाच्या घरात असं पाऊल टाकलं नव्हतं. विहीणबाई तिच्यामागे धावल्या. ती बाथरूममध्ये पाय घसरून पडली, हात थोडा मुरगळला आहे, हळद लावली आहे, असं सुजय मला समजावू लागला. आवाज इतका गोड की दुसऱ्या कुणाला पटलं असतं. मी म्हटलं, तिनं लिहिलेलं मी वाचलं आहे.

तो हसला.

“बाबा, ते तं तुमचं ग्रामर होय. ती तुमाले रोज मेसेज करत होती, मी कधी अडवलं का? इतका तरास असता तं तिनं तुमाले सांगितलं नसतं? एक दिवस तरी केली का तिनं तक्रार?”

“केली,” मी म्हणालो. “रोज केली. मीच वाचली नाही.”

तेवढ्यात सिंधु उन्नतीला धरून बाहेर आली. मी माझ्या मुलीला ओळखलं, पण ओळखायला वेळ लागला. डावा हात ओढणीनं गळ्यात बांधलेला, कोपरापासून खाली काळानिळा. चेहऱ्याची हाडं वर आलेली. तिनं माझ्याकडे एकदा बघितलं आणि नजर काढून घेतली. विहीणबाई म्हणत होत्या, घर म्हटलं की भांड्याला भांडं लागतंच, तुम्ही जाणती माणसं, असा तमाशा करून लेकीला नेता का?

“भांड्याले भांडं लागलं तं आवाज होते, बाई,” सिंधु म्हणाली. “हाड नाही मोडत.”

सुजय दाराकडे आला. हे आमच्या घरचं मॅटर आहे, असं काहीतरी बोलत होता. बाबुलाल व्हॅनमधून उतरून फाटकाशी उभा राहिला. तो चांगला सहा फूट आहे. सुजय बाजूला झाला आणि आम्ही मुलीला घेऊन बाहेर पडलो. तिच्या पायात चपलाही नव्हत्या. सिंधुनं स्वतःच्या काढून दिल्या.

व्हॅनमध्ये ती आमच्या दोघांच्या मधे बसली. मला विचारायचं नव्हतं, पण राहवेना. फोनवर आईला का नाही सांगितलंस, असं मी विचारलं.

“फोन स्पीकरवर राहे, बाबा. दोघंही समोर बसत. आईच्या फोनवर मी हूं म्हणलं तरी मागून विचारत, हूं कायले म्हणली.” ती समोर बघत सावकाश बोलत होती. “तुमचे मेसेज तेवढे ते पाहात नव्हते. म्हणत, बुढ्याचं ग्रामर आहे. म्हणून मी त्याच्यातच लिवलं सगळं.”

“मी...” मी सुरुवात केली. “उन्नती, मी वाचत नव्हतो. मी तपासत होतो.”

ती माझ्याकडे वळली. तिला धक्का बसलेला मला स्पष्ट दिसला. घरातून ओढून काढताना बसला नव्हता तेवढा आता बसला.

“वाचतच नव्हते?”

“नाही.”

“मले वाटे तुमाले सगळं समजून राहिलं,” ती म्हणाली. “तुमी पाचपैकी पाच देत होते. मी म्हणो, बाबाले मालूम आहे, अन् बाबा म्हणून राहिले का बरोबर चाललं आहे, असंच राहा. बुधवारी मी एकच लिवलं. हात दुखे म्हणून नाही. मले वाटलं, आता तरी येतीन. तुमी विचारलं, बाकीचे चार कुठं आहे.”

सिंधुनं खिडकीकडे तोंड फिरवलं. बाबुलालला मराठी समजतं. त्यानं आरसा वर केला, म्हणजे आम्ही त्याला दिसू नये. माफ कर म्हणायलाही काही लायकी लागते. माझी पोरगी पाच महिने मला हाका मारत होती, आणि आपल्या हाका बापाला ऐकू जातात, बापालाच त्या पसंत आहेत, असं समजून मुकाट सोसत होती. सुजयनं तिचा हात मोडला होता. मी काय मोडलं होतं, त्याचं मला नाव सापडेना.

दवाखान्यात एक्सरे काढला. हाड दोन ठिकाणी मोडलं होतं आणि चार दिवस तसंच राहिल्यामुळे सूज फार होती. डॉक्टरबाईंनी आम्हाला बाहेर पाठवून उन्नतीला एकटीला विचारलं आणि तिनं काय ते सांगितलं. कच्चं प्लास्टर झालं. मग बाईंनी एक कागद दिला आणि सांगितलं, इथून घरी जाऊ नका, आधी महिला ठाण्यात जा. आम्ही पोचलो तेव्हा चार वाजले असतील.

ठाण्यातल्या हेड कॉन्स्टेबल बाई वयानं सिंधुएवढ्या होत्या. त्यांनी उन्नतीला खुर्ची दिली, पाणी दिलं आणि म्हणाल्या, लिखके दे बेटा, जैसा हुआ वैसा. मी सवयीनं पुढं झालो. छत्तीस वर्षं साहेबांची पत्रं लिहिली, एवढा अर्ज मी झोपेत लिहीन. मी कागद माझ्याकडे ओढला.

“मीच लिवते, बाबा,” उन्नती म्हणाली.

मी हात मागे घेतला. तिनं हिंदीत लिहायला घेतलं. उजवा हात चांगला होता, पण कागद धरायला डावा नव्हता, म्हणून सिंधुनं एका कोपऱ्यावर बोट ठेवलं. लिहिताना ती मधेच थांबायची, भिंतीकडे बघायची आणि पुन्हा लिहायला लागायची. मला तिच्या चेहऱ्याकडे बघवत नव्हतं आणि दुसरीकडेही बघवत नव्हतं. दीड पान झालं. तिनं खाली सही केली. बाईंनी कागद माझ्यापुढे ठेवला आणि साक्षीदार म्हणून सही करायला सांगितली. पढ लीजिए, म्हणाल्या, ठीक है तो साइन कर दीजिए.

मी पहिली ओळ वाचली. मग तीच पुन्हा वाचली. तिचं नाव, तिच्या नवऱ्याचं नाव, लग्नाची तारीख. मग पोळ्याचा दिवस आणि ताट. मी प्रत्येक शब्दावर बोट ठेवून पुढे जात होतो, पहिलीतली पोरं जातात तसा. माझे ओठ हलत आहेत आणि आवाज बाहेर येतोय, हे मला कळलं नाही. ठाण्यात आणखी दोन-तीन माणसं बसली होती. उन्नतीनं माझ्या बाहीला हात लावला.

“बाबा, मनात वाचा.”

“नाही, वाचू दे त्याईले,” सिंधु म्हणाली. तिनं खुर्ची माझ्याजवळ ओढून घेतली. “मलेही आयकू द्या.”

उन्नतीनं मान हलवली. कॉन्स्टेबल बाईंनी कोपऱ्यातल्या वायरलेसचा आवाज कमी केला आणि हातातलं रजिस्टर मिटून ठेवलं. मी पुन्हा पहिल्या ओळीपासून सुरुवात केली, मोठ्यानं. एकेक वाक्य हिंदीत वाचायचो आणि मग सिंधुसाठी मराठीत सांगायचो. तिला हिंदी येतं, तरी सांगायचो आणि तीही ऐकून घ्यायची. काही वाक्यांपाशी मला थांबावं लागलं. दीड पान वाचायला पाऊण तास लागला आणि तेवढ्या वेळात मला कुणी घाई केली नाही.